पाणी बडवणारा माणूस

भंडारदऱ्याच्या पाण्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. मी जाळं काढायला निघाले होते, आणि त्या धुक्यातून धपाधप आवाज येत होता. कुणी बुडतंय की काय... मी थर्माकोलच्या तराफ्यावर पालथी पडले आणि हातांनी पाणी ओढत तिकडं गेले.

एक तरुण लांबलचक फळीवर पोटावर पडून दोन्ही हातांनी पाणी बडवत होता.

"बुडताय का?" मी विचारलं.

"नाही... सराव करतोय. सर्फिंगचा." त्याला धाप लागली होती. "समुद्राच्या लाटेवर उभं राहतात ना, ते."

"समुद्र डोंगराच्या पल्याड राहिला."

"ठाऊक आहे," तो हसला. "पण तुमचा तर आवाजही आला नाही. इथे आलात कशा?"

त्याचं नाव धवल. नगरचा, धरणाखालच्या वीज केंद्रात इंजिनीअर. सुट्टी मिळाली की कोकणात जायचा. लाट यायची, हा जीव खाऊन हात मारायचा, आणि लाट त्याला मागे टाकून निघून जायची. वर्षभरात एकही मिळाली नव्हती.

"पाण्याला मारताय कशाला? धरून ओढा त्याला."

मी दाखवलं. आधी बोटं, आवाज न करता. हात लांबवर घालायचा आणि मांडीपर्यंत ओढत आणायचा. पाय जुळलेले, छाती जराशी वर, नजर समोर.

तो माझ्याकडेच बघत राहिला.

"समोर म्हंजे डोंगराकडं," मी म्हणाले.

"मधे तुम्ही येता — त्याला मी काय करू?"

मी पाणी उडवलं आणि तोंड फिरवलं. हसू दिसू नये म्हणून.

मग तो रोज ड्युटीआधी येऊ लागला. तीन आठवडे माझ्या मागेच राहिला. एके सकाळी मागचा आवाज थांबला. दमला असेल म्हणून वळून बघते, तर तो माझ्या शेजारी. फळीखालून पाणी सरकत होतं, बाकी काही ऐकू येत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. मी हात हळू केले.

"ज्ञानेश्वरी, समुद्र बघायला येशील?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच 'येशील' म्हणाला.

"बाबांना इचारा."

बाबांनीही समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी टोपी धुऊन घेतली आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

सुरूच्या झाडांमधून बाहेर आलो आणि माझे पाय थांबले. मला वाटलं होतं, धरणासारखंच, फक्त मोठं. पण याला पलीकडचा काठच नव्हता. पाणी आभाळापर्यंत गेलं होतं, आणि सगळं हलत होतं, श्वास घेतल्यासारखं. बाबांनी वाकून बोट बुडवलं, चाखलं, आणि वाळूतच बसले.

धवल फळी घेऊन आत गेला. एक लाट उठली. त्याचे हात लांब, शांत चालले होते. लाटेनं त्याला उचललं... आणि या वेळी ती पुढे गेली नाही. तो उभा राहिला. पाण्यावर, उभा. माझे डोळे भरून आले.

फळी काखेत घेऊन तो बाहेर आला.

"इकडे बदली मिळालीये," तो म्हणाला. "गेल्या वर्षी मीच मागितली होती. आता... नाकारावी म्हणतो. इथे तू नाहीस."

मी त्या पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हे सोडून कुठं येता? मीच येते इकडं."

"म्हणजे — कायमची?"

"मी व्हय म्हनले. आता बाबांना इचारा."

तो ओल्या अंगानंच बाबांपुढे जाऊन उभा राहिला. "काका, मला तुमच्याशी ज्ञानेश्वरीबद्दल बोलायचंय."

बाबांनी त्याच्याकडे मान वळवली नाही. त्याचा हात धरून त्याला शेजारी वाळूत बसवलं.

"बोलू," ते हळूच म्हणाले. "आदी हे बघू दे."