आपटबार आणि न फुटणारं हेल्मेट

"फुटलं ते पास, आणि ज्याला साधा ओरखडा न्हाई ते नापास? अक्का, तुझं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

इंद्रजाचे बाबा इतक्या मोठ्यानं ओरडले, की आत्याच्या प्रयोगशाळेच्या छपरावरचे पारवे भुर्रकन उडाले. टेबलावर दोन हेल्मेटं होती. एक प्रयोगशाळेतलं, हलकं, आणि आता आतून चेमटून तडकलेलं. दुसरं बाबांनी स्वतः ओतलेलं, अ‍ॅल्युमिनियमचं, चकचकीत. दोन्ही एकाच उंचीवरून एकाच फरशीवर आपटली होती. बाबांच्या हेल्मेटानं तर फरशीचाच टवका उडवला होता. आणि आत्यानं नापासाची लाल चिठ्ठी नेमकी त्याच्यावरच चिकटवली होती!

इंद्रजा दोघांच्या मधोमध उभी होती. तिची पुरती पंचाईत झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावरच्या माती-मैदानात नवशिक्या मुलांची शर्यत होती, वर्षातून एकदाच होणारी. हेल्मेट नापास म्हणजे इंद्रजा बाद. आता तुम्ही म्हणाल, मग दुसरं हेल्मेट घालावं, त्यात काय एवढं? पण बाबांच्या हेल्मेटावर पुढच्या बाजूला उठावदार अक्षरांत 'इंद्रजा' असं ओतलेलं होतं. ते बघून तिला इतका आनंद झाला होता, की रात्री ती ते उशाशी घेऊन झोपली होती. "हे नको" असं बाबांच्या तोंडावर म्हणायचं तरी कसं?

इंद्रजाचे बाबा, संग्राम माने, कोल्हापुरात फाउंड्री चालवत. फाउंड्री म्हणजे धातू वितळवून, वाळूच्या साच्यात ओतून यंत्रांचे भाग बनवायचा कारखाना. "आपल्या हातचं तुटत न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. लेकीनं डर्ट बाइक (रस्त्यावर नव्हे, तर माती-चिखलात आणि उंचवट्यांवर पळवायची हलकी मोटरसायकल) शिकायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी हौसेनं सगळं स्वतः जमवलं. त्या काळात पेट्रोलच्या बाइका संग्रहालयात गेल्या होत्या. बॅटरीवरच्या बाइका नुसत्या भुंग्यासारख्या गुणगुणत पळत. बाबांनी त्यातली चांगली दांडगी बाइक आणली. वाढत्या अंगाची! इंद्रजाचा गणवेश वाढत्या अंगाचा, बूटही वाढत्या अंगाचे आणि त्यांच्या टोकात कागदाचे बोळे. मग बाइक आणि हेल्मेट तेवढं मापाचं कशाला?

"तुझ्या यंत्रालाच कळंना झालंय," बाबा म्हणाले. "परत आपट बघू."

"अवश्य, संग्रामकाका!" कोपऱ्यातून आवाज आला. "मला आपटायला फार आवडतं."

हा आपटबार. दिवाळीत मुलं जमिनीवर आपटून फोडतात ना, त्या फटाक्यावरून आत्यानं त्याचं नाव ठेवलं होतं. आपटबार हा यंत्रमानव दहा वर्षांच्या मुलाएवढा होता आणि त्याला जन्मभर एकच काम होतं: पडणं. त्याच्या डोक्यात, मानेत, मनगटांत आणि घोट्यांत संवेदक (धक्का किंवा दाब जाणवला की लगेच कळवणारी चिमुकली यंत्रं) बसवलेले होते. पडून झालं की तो निकाल सांगे. निकाल तीनच प्रकारचे: 'टेंगूळसुद्धा नाही', 'टेंगूळ' आणि 'दवाखाना'.

आत्यानं, म्हणजे डॉक्टर वैजयंती मान्यांनी, आपटबाराला बाबांचं हेल्मेट घातलं. ते त्याच्या डोक्यावर घागरीसारखं डुगडुगलं. आत्यानं त्याला मचाणावर चढवून कळ दाबली. धाडकन आवाज झाला. हेल्मेट पुन्हा तसंच्या तसं चकचकीत राहिलं. आपटबार मात्र उताणा पडून दिवे मिचकावत होता.

"दवाखाना!" तो म्हणाला. "आणि काका, पडता पडता हेल्मेट माझ्या डोळ्यांवर आलं. मला काहीच दिसेना."

मग आत्यानं फोमचं नवं हेल्मेट घेतलं. फोम म्हणजे आत असंख्य बारीक हवेचे बुडबुडे कोंडलेला हलका पदार्थ. पुन्हा मचाण, पुन्हा कळ. या वेळी आवाज आला तो 'कर्रप' असा, पापड मोडल्यासारखा. हेल्मेट आतून चेमटलं. आपटबार टुणकन उठून बसला.

"टेंगूळसुद्धा नाही!"

इंद्रजाचे डोळे विस्फारले. उंची तीच, फरशी तीच आणि डोकंही तेच. मग मधला मार गेला कुठे? कुणी खिशात घातला?

"आत्या, मार कुठे गेला?" तिनं विचारलं.

"झकास प्रश्न!" आत्या खुर्ची ओढून बसली. एखादा चांगला प्रश्न आला की तिचा चेहरा असा उजळायचा, जणू कुणी गरम भजी पुढ्यात ठेवली आहेत. "आधी तू सांग. कारखान्यात तुझा आवडता खेळ कुठला?"

"वाळूच्या ढिगात उडी मारायचा."

"शेजारीच सिमेंटची जमीन आहे. तिच्यावर का नाही मारत?"

"लागेल ना!"

"का लागेल? उंची तर तेवढीच आहे."

इंद्रजानं डोळे मिटले आणि मनातल्या मनात उडी मारली. पाय वाळूला लागतात, वाळू सरकते, पाय आत जातात, अजून आत जातात, आणि मग हळूच थांबतात. सिमेंटवर? पाय लागले की संपलं.

"वाळूत मी हळूहळू थांबते!" ती ओरडली. "सिमेंटवर एकदम थांबते!"

"शाब्बास! पडताना अंगात वेग येतो. तो कधीतरी शून्य व्हायलाच हवा, त्यातून सुटका नाही. वेग असा कमी होत जाण्याला आम्ही मंदन म्हणतो. तोच वेग दसपट वेळ घेऊन कमी झाला, तर मार दहावा हिस्साच बसतो. फोममधले बुडबुडे एकेक करून चिरडले जातात आणि डोक्याला थांबायला वेळ देतात. म्हणजे डोळ्याची पापणी लवायलाही पुरणार नाही एवढाच वेळ, पण डोक्याला तेवढा पुष्कळ. मार कुठे गेला विचारलंस ना? तो ते बुडबुडे चिरडण्यात खर्च झाला. संग्रामचं हेल्मेट मात्र चेमटतच नाही. ते काहीच खर्च करत नाही, सगळा मार जसाच्या तसा आत पाठवून देतं."

"मग बाहेरचं टणक कवच कशाला?"

"टोकदार दगड आत घुसू नये म्हणून, आणि जमिनीवर डोकं अडकून न बसता घसरावं म्हणून. म्हणजे बाहेरून टणक आणि आतून हळवं. थोडंफार तुझ्या बाबासारखंच."

बाबांना हसू आलं नाही. त्यांनी टेबलावरून आपलं हेल्मेट उचललं आणि बाहीनं त्यावरची धूळ पुसली. "म्हंजे सगळं चुकलंच म्हणायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "चार येळा साचा बनवलाय मी ह्याचा. अक्षरं नीट उमटंनात म्हणून."

शर्यत गेली खड्ड्यात, असं इंद्रजाला क्षणभर वाटलं. पण मग आपटबाराचं ते 'दवाखाना!' कानांत घुमलं आणि तिनं धीर केला.

"बाबा, मला हे हेल्मेट खूप आवडतं. सगळ्यात जास्त. पण हे घालून पडायची मला भीती वाटते. वाळूत उडी मारताना कधीच नाही वाटली."

बाबांनी फोमचं फुटकं हेल्मेट उचललं, अंगठ्यानं आतला चेमटलेला भाग दाबून पाहिला, आणि एकदम त्यांचा हात थांबला.

"अक्का," ते म्हणाले, "हा गाभा हाय की गं!"

"कसला गाभा?" इंद्रजानं विचारलं.

बाबा आता भराभरा बोलू लागले. "आगं, पंपाचं कास्टिंग, म्हंजे ओतलेला भाग, आतनं पोकळ असतंय न्हवं? ती पोकळी ऱ्हावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतो आम्ही. धातू थंड होताना आकसतो. त्या वक्ताला गाभा आतल्या आत ढासळला पायजे. कडक ऱ्हायला तर कास्टिंगच तडकतंय! गाभा फुटतो म्हणून तर माल वाचतो. रोज शंभर गाभे फोडतोय मी, एकाचं वाईट वाटत न्हाई." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि पोरीच्या डोस्क्याला मात्र कडक गाभा! काय म्हणावं मला?"

"बाबा म्हणावं," आत्या म्हणाली, आणि आता कुठे तिघंही हसली. आपटबारही हसला, पण त्याला हसायला शिकवलेलं नसल्यामुळे त्याचे नुसते दिवे लुकलुकले.

मग काय विचारता! बाबांच्या अंगात वारं संचारलं. त्यांनी स्वतःच इंद्रजाला त्या दांडग्या बाइकवर बसवलं. तिचे पाय हवेत लोंबकळत राहिले.

"थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत," आपटबार म्हणाला. "नाहीतर थांबलेली बाइकसुद्धा पाडते. माझा अनुभव दांडगा आहे. आता ब्रेक दाबून दाखव."

इंद्रजानं बोटं ताणली. ब्रेकची पट्टी नुसती नखांना लागली. बाबांनी लगेच तिला खाली उतरवलं.

प्रयोगशाळेतली छोटी निळी बाइक मात्र तिला बरोब्बर झाली. पाय सपाट टेकले. पडली तर तिची तिला उचलता येईल, इतकी ती हलकी होती. आत्यानं तिचा कमाल वेगही बांधून दिला: मूठ कितीही पिळली तरी बाइक धावणाऱ्या मुलापेक्षा फार जोरात जाणार नव्हती. हात बसला की वेग थोडा थोडा सोडायचा. ब्रेकची पट्टी तिथेही जराशी लांबच होती. आत्यानं स्क्रू फिरवून ती कशीबशी जवळ आणली. बाबा ते बारकाईनं बघत होते.

हेल्मेट घट्ट बसतंय का हे बघायला इंद्रजानं डोकं जोरजोरात डावी-उजवीकडे हलवलं. पहिलं हेल्मेट डोकं वळल्यावर मागाहून फिरलं, म्हणून बाद. दुसऱ्यात गाल जरा दाबले गेले, कपाळाची कातडी हेल्मेटाबरोबर हलली आणि टोचलं मात्र कुठेच नाही. ते पास! बाकीचं सगळं आपटबारानं आपल्या दुःखांच्या हिशेबानं सांगितलं. माणूस पडताना आधी हात टेकतो, म्हणून हातमोजे. उडती माती थेट डोळ्यांत जाते, म्हणून गॉगल. घोटा बाइकखाली सापडतो, म्हणून उंच, ताठ बूट. शिवाय गुडघे, कोपरं आणि छातीवर कवच. "आणि ह्यातलं काहीच वाढत्या अंगाचं नको," तो म्हणाला. "सरकलेलं कवच सुट्टीवर गेलेलं असतं."

अंधार पडेपर्यंत इंद्रजानं निळ्या बाइकवर सराव केला. सकाळी माती-मैदानात ही गर्दी! झेंडा पडला आणि इंद्रजाची निळी बाइक गुणगुणत निघाली. पहिला उंचवटा आला. चाकं मातीवरून सुटली आणि पुन्हा टेकली. "आले! आले!" ती हेल्मेटाच्या आत एकटीच ओरडत होती. इतकी मजा तिला आजवर कशातच आली नव्हती. वळणावर तिनं दोघांना मागे टाकलं. पुढच्या वळणावर ओली माती होती. पुढचं चाक घसरलं, आभाळ खाली आलं, जमीन वर गेली, आणि कानापाशी आवाज झाला. कर्रप.

बाबा कठड्यावरून उडी मारून धावले. जन्मात कधी ते इतके जोरात धावले नव्हते. ते पोचले तोवर इंद्रजा उठून बसली होती. चेहरा चिखलानं भरलेला, गॉगल वाकडा.

"टेंगूळसुद्धा नाही!" ती म्हणाली.

बाबांनी तिला छातीशी धरलं आणि ते सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मैदानावरच्या डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. डोक्याला धक्का बसला की कितीही बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा बाइकवर बसायचं नाही, असा मैदानाचा नियम होता. शर्यत अर्धीच राहिली म्हणून इंद्रजा घरी येईपर्यंत रुसून बसली होती. हेल्मेटही निवृत्त झालं. एकदा चिरडलेले बुडबुडे पुन्हा फुगत नाहीत, त्यामुळे बाहेरून धड दिसलं तरी ते पुन्हा घालायचं नसतं.

पुढे खंडेनवमी आली. कारखान्यात भट्टी, हातोडे, चिमटे, सगळ्यांना हळदकुंकू लावून झेंडूचे हार घातले होते. इंद्रजा बघते तो काय, पाटावर सगळ्यांच्या मधोमध तिचं फुटकं हेल्मेट! सगळ्यात मोठा हार त्यालाच घातला होता.

"आणि माझं नाव असलेलं? ते कुठंय?" तिनं दचकून विचारलं.

बाबांनी मूठ उघडली. तळव्यावर ब्रेकच्या दोन चिमुकल्या चकचकीत पट्ट्या होत्या. दोन्हींवर बारीक अक्षरांत 'इंद्रजा' उमटलं होतं.

"वितळवलं ते. अक्का म्हणती, ल्हान हाताच्या पट्ट्या कुणी करतच न्हाईत. आता आपण करायच्या, मैदानातल्या समद्या पोरांच्या, ज्याच्या त्याच्या मापानं. वळव बघू बोटं ह्यांच्यावर."

इंद्रजानं पट्ट्यांवर बोटं ठेवली. ती अगदी सहज वळली आणि घट्ट बसली.

"पण बाबा, पुढच्या वर्षी माझे हात मोठे होतील!"

"हू देत की," बाबा हसून म्हणाले. "परत वितळवू."