वीस मिनिटं ओस पडलेला किल्ला

तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने खेळात दादांना हरवलं होतं. कधी एकदा कुणाला सांगते असं तिला झालं होतं, म्हणून ती दोन-दोन पायऱ्या गाळत वरच्या मजल्यावर पळाली. नकाशांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. तिने ते ढकललं आणि तिथेच थबकली.

किल्लेदार पोलादी कपाटाच्या पायथ्याशी कुशीवर पडले होते. कपाटाच्या कोपऱ्याला रक्त लागलेलं. डोळे मिटलेले, पण छाती हलत होती.

चार वाजायला पाच मिनिटं कमी होती. एवढं तिने पाहिलं आणि मग खाली तोंड करून मोठ्याने हाका मारायला सुरुवात केली.

ती जिथे काम करायची ती कंपनी म्हणजे एका दुमजली घरात थाटलेला पाच माणसांचा संसार. सगळे मिळून एकच खेळ बनवत होते. जुन्या काळातलं राज्य, त्यात शेतं, खाणी, कोठारं. धान्य पिकवा, दगड काढा, किल्ला उभारा आणि शत्रूचा वेढा पडला की तग धरा. दादा कंपनीचे मालक. त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, खेळाचे आवाज आणि संगीत करायच्या. खेळाचा सगळा संगणकी कोड लिहिणारा एक काटकुळा तरुण होता, त्याला लुकड्या म्हणत. आणि ही, दिवसभर खेळून खेळून खेळातल्या चुका गाळून काढणारी. म्हणून तिचं नाव पडलं चाळणी.

किल्लेदार पाचवे. वय सत्तरीला टेकलेलं. आयुष्यभर इमारती बांधायला शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर या पोरांच्या खेळासाठी किल्ले काढायला बसले. खेळातली प्रत्येक भिंत, प्रत्येक बुरूज आधी त्यांच्या कागदावर उभा राहायचा.

रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. शिडीवरून पडले असणार, असं दादा म्हणाले. वहिनींनी मान डोलावली. चौकशीला आलेल्या फौजदारबाई मात्र खोलीत बराच वेळ उभ्या राहिल्या. बाई बुटक्या, शांत, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहायची त्यांना सवय होती.

"शिडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

शिडी घडी घालून भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली होती.

"म्हणजे हे पडले आणि मग उठून शिडी जागेवर टांगून परत पडले," बाई म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट चाळणीनेच त्यांच्या लक्षात आणून दिली. किल्लेदारांची हिरव्या कापडी बांधणीची जाडजूड वही टेबलावर नव्हती. तीन वर्षांची सगळी मूळ रेखाटनं तिच्यात होती, प्रत्येक पानावर तारीख घातलेली. ती वही ते घरीसुद्धा नेत नसत.

वेळही लवकरच नक्की झाली. किल्लेदारांची मुलगी परगावी असते. तिचा फोन तीन वाजून पंचवीस मिनिटांनी संपला होता. "कुणीतरी आलंय, ठेवतो," असं म्हणून वडिलांनी फोन ठेवला, असं तिने बाईंना सांगितलं. गेले चार-पाच दिवस ते अस्वस्थ होते. एका माणसाकडे एक गोष्ट मागितलीय, उत्तर येत नाही, एवढंच म्हणायचे. कोणाकडे, ते सांगत नसत.

म्हणजे तीन पंचवीस ते तीन पंचावन्न. आणि घराचं बाहेरचं दार आतून बंद होतं.

"तेव्हा तुम्ही चौघं कुठे होतात?"

चौघंही एकाच ठिकाणी होते, आणि कुणीच कुणाला दिसत नव्हतं. दर आठवड्याला चौघांचा चाचणीचा सामना व्हायचा. त्या दिवशी बरोबर तीनला सुरू झाला. प्रत्येकजण आपापल्या खोलीत, दार लावून, कानांवर हेडफोन चढवून. मधून कोण उठलं, कोण जिना चढलं, हे कळायला काही मार्ग नव्हता. एक सोडून. खेळ प्रत्येक सामन्याची नोंद ठेवायचा. कुणी कोणती आज्ञा कधी दिली, सगळं क्षणाक्षणाला.

फौजदारबाईंना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. त्यांनी चाळणीला शेजारी बसवून घेतलं आणि सामन्याची नोंद समजावून सांगायला सांगितलं.

वहिनींच्या आज्ञा दर अर्ध्या मिनिटाला एक अशा ठोक्याने पडत होत्या. त्यात नवल नव्हतं. नवशिक्या खेळाडूंसाठी खेळात एक सोय होती. चाळीस आज्ञा आधीच रांगेत लावून ठेवायच्या, खेळ दर अर्ध्या मिनिटाला एक पाळत जातो. ऑफिसात त्या सोयीला सगळे 'आळशाची काठी' म्हणत, आणि ती एकट्या वहिनी वापरत.

"म्हणजे या वीस मिनिटं खुर्चीत नसल्या तरी चालेल?" बाईंनी लगेच पकडलं.

तेवढ्यात वहिनींनी आपणहून सांगितलं, की त्या सामना चालू असताना घंटेचा आवाज ध्वनिमुद्रित करत होत्या. ते ध्वनिमुद्रण तीन पंधरापासून अखंड चाळीस मिनिटांचं निघालं, आणि त्यात त्यांचा आवाज दर थोड्या वेळाने येत होता.

दादांच्या किल्ल्यावर सामनाभर लगबग होती. गवंडी चालू, पहारे बदलत होते, त्या अर्ध्या तासात सलग दोन मिनिटंही रिकामी नव्हती.

लुकड्याच्या नोंदीत मात्र भगदाड होतं. तीन तेहतीस ते तीन चाळीस, सात मिनिटं एकही आज्ञा नाही. त्यातून मागच्याच आठवड्यात गोल बुरुजांवरून त्याचं आणि किल्लेदारांचं कडाक्याचं वाजलं होतं. गोल बुरूज संगणकाला झेपत नाहीत, असं याचं म्हणणं. चौकोनी बुरूज म्हणजे तोफेला आमंत्रण, असं त्यांचं.

"कुठे होतास सात मिनिटं?"

"मागच्या अंगणात."

"काय करत होतास?"

तो गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं, तरी गप्प. शेवटी त्याला ठाण्यावर नेलं. जाताना त्याने चाळणीकडे पाहिलं. तिला मान वर करवली नाही. ती सात मिनिटं तिनेच बोट ठेवून दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर ऑफिसात आली. किल्लेदार अजून शुद्धीवर नव्हते. बोळात भिंतीवर येऊ घातलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ टाचलेलं होतं. खेळातल्या किल्ल्यांच्या चित्रांचं पुस्तक, खाली मोठ्या अक्षरांत दादांचं नाव. तिने ते रोज पाहिलं होतं. आज ती त्याच्यासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली. मग जागेवर जाऊन तिने कालचा सामना पुन्हा लावला.

आदल्या दिवशी तिने तो स्वतःच्या किल्ल्यावरून खेळला होता. बाईंना दाखवताना फक्त आज्ञांची यादी वाचली होती. आता ती इतरांच्या किल्ल्यांत शिरून बघू लागली. लुकड्याचा. वहिनींचा. मग दादांचा.

दादांच्या किल्ल्यात तिने पहिल्यांदा कोठारं पाहिली. आणि तिथेच खिळून राहिली.

दोन वेळा तिने ते मागे नेऊन पाहिलं. मग फौजदारबाईंना फोन लावला आणि विचारलं, की दादांनी ही नोंद पाहिली आहे का. बाई म्हणाल्या, कुणालाच पाहू दिलेली नाही, तुझ्याखेरीज. मग त्या बराच वेळ तिचं ऐकत राहिल्या.

दुपारी बैठकीच्या खोलीत सगळे जमले. बाईंनी लुकड्यालाही सोबत आणलं होतं. रात्रभरात त्याचा चेहरा उतरला होता. सगळे बसल्यावर बाईंनी दादांना सहज विचारावं तसं विचारलं.

"काल तुम्ही हरलात म्हणे."

"हो. कधीतरी हरायचंच." दादा हसले. "पोरगी तयार झाली."

"शेवटपर्यंत लढलात?"

"एकेका दारासाठी."

"मधे हिचा दूत आला होता तुमच्याकडे. घोड्यावरून. पत्र घेऊन."

"आला होता."

"काय लिहिलं होतं पत्रात?"

"काय लिहिणार? शरण या, असंच काहीतरी. खेळताना आम्ही एकमेकांना डिवचतो. मी लक्ष दिलं नाही."

बाई चाळणीकडे वळल्या. "तू सांग."

याच माणसाने तिला नोकरी दिली होती, तिच्या आईच्या आजारपणात महिनाभर घरून काम करू दिलं होतं. तिने नजर पडद्यावर ठेवली आणि बोलायला लागली.

"मी शरण या असं लिहिलं नव्हतं, दादा. तुमच्या पूर्वेच्या बुरुजाखाली मी सुरुंग खणत होते. तुमचं लक्षच दिसेना. असं फुकटचं जिंकण्यात काय मजा, म्हणून मी लिहिलं, 'पूर्वेच्या बुरुजाखाली बघा, नंतर म्हणू नका सांगितलं नाही.' ते पत्र तीन तीसपासून दोन मिनिटं तुमच्या पडद्यावर होतं. दूत हात हलवत परत आला. तेव्हा मला वाटलं, तुम्ही रागावलात."

तिने पडद्यावर दादांचा किल्ला लावला. तीन एकवीसपर्यंत दादांच्या आज्ञा माणसाच्या हातासारख्या होत्या. कधी लागोपाठ पाच, कधी मिनिटभर काहीच नाही. तीन बावीसपासून त्या एकदम शिस्तीत आल्या. दर अर्ध्या मिनिटाला एक, मोजून चाळीस. तीन बेचाळीसला पुन्हा विस्कटल्या.

"आळशाची काठी," लुकड्या हळूच म्हणाला.

"हो. नोंदीत आज्ञा दिसते, ती आत्ता दिली की आधी लावून ठेवली, ते दिसत नाही. म्हणून काल मीही फसले. रिकामी मिनिटं शोधत बसले. रिकामी मिनिटं खऱ्या माणसाला असतात. आज्ञा आधी लावून गेलेल्याला नसतात."

मग तिने कोठारं दाखवली. तीन अठ्ठावीसला दादांची कोठारं भरली. घंटा वाजली. वरचं धान्य उघड्यावर पडून कुजायला लागलं. पोतं, दुसरं पोतं, मग ढीग. चारशे पोती मातीमोल झाली आणि कुणी एक नवं कोठार बांधायला सांगितलं नाही.

"एक पोतं वाया गेलं तर तुम्ही माझी हजेरी घेता, दादा. आणि हे बघा. पूर्वेचा बुरूज कोसळतोय, माझी माणसं आत शिरतायत, आणि तुमचे गवंडी पश्चिमेच्या धडधाकट भिंतीला गिलावा करतायत. त्यांना कुणी हाक मारली नाही. कारण किल्ल्यात कुणी नव्हतंच. मी काल ओस पडलेला किल्ला जिंकला."

"मग माझी सात मिनिटं?" लुकड्याने विचारलं, आणि स्वतःच उत्तरही देऊन टाकलं. तो अंगणात जाऊन फोनवर दुसऱ्या कंपनीशी नोकरीचं बोलत होता. दादांना कळलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून तो गप्प बसला होता.

दादांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. वीस मिनिटं उठलो असेन, म्हणाले, माणूस उठतो. पण म्हणून मी वर गेलो हे कशावरून?

याचं उत्तर चाळणीकडे नव्हतं. फौजदारबाईंकडेही नव्हतं. ते वहिनींनी दिलं. त्या इतका वेळ हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"हिरवी वही आमच्या घरी आहे," त्या म्हणाल्या. "कपड्यांच्या कपाटात, खालच्या खणात. आज सकाळी सापडली. मी स्वतःला सांगत होते, किल्लेदारांनीच यांना सांभाळायला दिली असेल."

दादांनी एकदा बायकोकडे पाहिलं, आणि मग ते बोलायला लागले. तीन वर्षांपूर्वी एका वार्ताहराने विचारलं होतं, हे किल्ले तुम्हाला सुचतात कसे. ते माझे नाहीत, असं त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. मग सगळीकडे तेच छापून आलं. पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहून किल्लेदारांनी फक्त एवढंच मागितलं, की आतल्या पानावर माझंही नाव घाला. ते घातलं असतं तर तीन वर्षांचं खोटं उघडं पडलं असतं. सामना चालू असताना खाली कुणाला पत्ता लागणार नाही, म्हणून दादा वही घ्यायला वर गेले. किल्लेदार जेवून आले की तासभर डुलकी काढतात, ते झोपलेले असतील असा हिशेब होता. ते जागे होते. वही सोडेनात. ओढाताण झाली.

"मी ढकललं नाही," दादा म्हणाले. "मी ओढली आणि एकदम सुटली."

"ते जिवंत होते, हे कळलं होतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

दादांनी मान हलवली. होकारार्थी.

"आणि खाली येऊन तुम्ही खेळायला बसलात," चाळणी म्हणाली. "माझ्याशी. दहा मिनिटं."

फौजदारबाई उठल्या, तसे दादाही उठले.

किल्लेदार चौथ्या दिवशी शुद्धीवर आले. त्यांना त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण उजव्या हातात जोर यायला किती महिने लागतील सांगता येत नाही. अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित ही वेळ आली नसती. मुलगी बाहेर जाऊन रडून आली.

कंपनी आता वहिनी चालवतात. लुकड्या गेला नाही. आणि चाळणी रोज दुपारी कोरे कागद घेऊन किल्लेदारांच्या खाटेशी बसते. ते डोळे मिटून सांगतात, ती काढते. तिला चित्रकला शाळेतसुद्धा कधी जमली नव्हती. पहिल्या दिवशी तिची रेघ इतकी हलली, की तिने कागद चुरगळायला घेतला.

किल्लेदारांनी डाव्या हाताने तिचा हात थांबवला.

"रेघ हलली तर हलू दे," ते म्हणाले. "भिंत हलली नाही म्हणजे झालं. चल, पायापासून घे."