दीड मण, सव्वा शेर

“ती पळी खाली ठेय, नर्मदा! आजपासून ह्या चुलीक तुजो हात लागाक नको!”

यशोदेचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो नर्मदेच्या काळजात खोलवर गेला... तिच्या हातात पेजेची पळी होती, मडक्यातून वाफ निघत होती, आणि दाराशी शेजारची सावित्रीकाकी पदराचे टोक तोंडात धरून उभी होती.

सप्टेंबर १९५६. पाच दिवसांच्या गणपतीचे विसर्जन आदल्या संध्याकाळी झाले होते. यशोदेचा धाकटा मुलगा गुरुदास पहाटेच्या एसटीने फोंडाघाटमार्गे मुंबईला परत गेला होता. तो सहा दिवस घरी होता आणि दिवसाला दोन वाट्या पेजेची निवळ सोडली, तर त्या सहा दिवसांत त्याने घरच्या अन्नाला स्पर्श केला नव्हता. चतुर्थीचे मोदक तसेच राहिले. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडे त्याच्यापुढून उचलून गाईला घालावे लागले. “पोट बरां नाय,” एवढेच तो म्हणत राहिला. जाताना त्याचे गाल बसलेले होते, डोळे खोल गेले होते.

“पोट बरां नाय म्हणता, आणि आमच्याकडे शहाळा पिलो मां तो!” सावित्रीकाकी म्हणाली. “मगे तुमच्याच घरचा तेका कित्याक नाको झाला? मी आपला बघलंय तां सांगतंय हां, यशोदे. माका कोणाच्या घरात काडी घालूची नाय.”

“काडी घालून झाली गो तुजी, आता घराक जा,” यशोदा म्हणाली आणि सुनेकडे वळली. “थोरल्याक खाल्लंस. आता धाकट्याक लागलंस? काय घातलंस तेका खाऊक? बोल!”

‘खाऊक घालणे’ म्हणजे काय, हे या किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अन्नातून करणी केली की माणसाला त्या हाताचे जेवण नकोसे होते आणि तो झिजत जातो, असे सांगतात. नर्मदा तिशीतली विधवा होती, निपुत्रिक होती. तिचा नवरा भिकाजी चार वर्षांपूर्वी गलबतासकट दर्यात गेला तो परत आलाच नव्हता. असा संशय यायला याहून अधिक काय लागते?

एका वाक्यात तिची सुटका होती. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आले... आणि तिने पळी खाली ठेवली.

गुरुदास आल्या दिवशीच, भर दुपारी, विहिरीपाशी तिला म्हणाला होता, “वैनी, एक सांगतंय. आयेक कळता नये.” ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याच्या केसांतल्या उवा तिने काढल्या होत्या, त्याला पाटीवर गिरवायला तिने बसवले होते. तो खोटे बोलला तर त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत. त्या दिवशी त्या लाल नव्हत्या.

मुंबईच्या गोदीत तो कारकून आहे असे घरी ठाऊक होते. कारकून तो होताच, पण दोन वर्षांपासून तो तिकीट लावून होणाऱ्या मुष्टियुद्धांत उतरत होता. धंदा म्हणूनच. फेदरवेट म्हणजे हलक्या वजनाचा गट. त्याची हद्द एकशे सव्वीस पौंड. पौंड नर्मदेला कळेनात, तेव्हा त्याने मालवणच्या बाजारातल्या काट्याचा हिशेब करून सांगितले, “दीड मण आणि सव्वा शेर. त्याच्यावर छटाकभर गेलो तरी काट्यावरसून उतरवन घराक धाडतत. किताबाची झुंज पंधरा दिसांवर इली हा. माका साडेतीन शेर उतरूक व्हये.”

“आणि मार लागता तो?”

“लागता. लागलो तर मीही मारतंय.” तो हसला, आणि लगेच त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. “दादा गेल्यार आयेन देवीची आण घालून माजा दर्यार जाणा बंद केल्यान, तां तुका म्हायत आसा. तिका कळला तर परत आण घालतली. आण घातली की संपला माजा, वैनी! हेच्याशिवाय माका दुसरा काय येणा नाय गो...”

नर्मदेने विहिरीच्या काठावर हात ठेवला आणि म्हणाली, “जा. माज्या तोंडातसून जावचा नाय.”

ते तिच्या तोंडातून गेले नाही.

विसर्जनानंतर आठव्या दिवशी यशोदेने ग्रामदेवीला कौल लावला. पुजाऱ्याने पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणे घातले, आणि विचारले, हिचा मुलगा घरचे अन्न सोडून गेला, ते या सुनेला ठाऊक असलेल्या कारणाने की नाही? उजवी पाकळी पडली, म्हणजे होय. देवीने खोटे सांगितले नव्हते. ठाऊक असलेले कारण नर्मदेच्या पोटात होते, फक्त ते काय, हे कोणी विचारले नाही.

त्यानंतर नर्मदेने चुलीपाशी जायचे नाही, असे ठरले. ती भात कांडायची, पाणी भरायची, शेण काढायची, माडाच्या झावळ्या विणायची. तिचे पान मागच्या पडवीत वाढून ठेवलेले असे. वाडीतल्या बायका तिच्या हातचा तांब्याही घेईनात. हे सारे तिने सोसले. पण पितृपक्षात भिकाजीचा म्हाळ आला, नवऱ्याच्या पानासाठी भात शिजत होता, आणि ती बाहेर जात्यावर हात ठेवून बसली होती, तेव्हा मात्र तिला रडू आवरेना... ज्याच्यासाठी बारा वर्षे रांधले, त्याच्या शेवटच्या हक्काचा घासही आपल्या हातचा नाही! तिने पदर तोंडात कोंबला. आवाज घरात गेला असता, तर सासूने विचारले असते.

मुंबईची बातमी तिला दत्तारामकडून मिळे. तो मालवाहू मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईहून येई आणि विहिरीवर पाणी प्यायला थांबे. गुरुदासच्या झुंजी तो तिथे तिकीट काढून बघे, आणि गावात तोंड न उघडण्याचे त्याने नर्मदेला वचन दिले होते. “जिकलो गो तुजो गुरुदास! धा फेऱ्या, गुणांवर. किताब तेचो,” त्याने ऑक्टोबरात सांगितले. अठ्ठावन्नमध्ये तो कोलंबोला जाऊन हरून आला. एकोणसाठमध्ये नाकाचे हाड मोडले, साठमध्ये पुन्हा. एकसष्टमध्ये सहाव्या फेरीत तो पडला तो दहा आकडे मोजून झाले तरी उठला नाही, आणि किताब गेला. दर वेळी नर्मदा दोनच प्रश्न विचारी. उभो आसा मां? जेवता मां?

“तुजे हाल तेका सांगतंय मी!” एकदा दत्ताराम संतापून म्हणाला. “सात गावांत तुका भुताळी म्हणतत, आणि तो थंय हार घालून मिरवता!”

“सांगलंस तर तुका माजी आण आसा. तो रिंगणात उभो ऱ्हवतलो आणि मनात हय येतलो. मगे ठोसो चुकतलो तेचो.”

या सात वर्षांत गुरुदास एकदाही घरी आला नाही. आईसमोर पुन्हा उपाशी बसायचे धैर्य त्याच्यात नव्हते, म्हणून रजा नाही असे तो कळवी. प्रत्येक कार्ड वाचून झाले की यशोदा सुनेकडे बघून म्हणे, “बघ! तू आसस तंवसर तो ह्या उंबऱ्यार येवचो नाय.”

आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये एका सकाळी तो आगबोटीने आला. यशोदेने दार उघडले आणि क्षणभर तिला हा कोण, ते कळलेच नाही. नाक चेपलेले, डावी पापणी अर्धी मिटलेली, शब्द जड, एकेक करून येणारे. वय एकतीस.

“कोणी मारल्यान रे तुका? कोणी मारल्यान माज्या झिलाक?”

“लोकांनी तिकिटां काढून बघल्यानी, आये,” तो म्हणाला. मग ओटीवर बसून त्याने सगळे सांगितले, हळूहळू, मधेच शब्द शोधत. शेवटी म्हणाला, “संपला आता. आता भूक लागली हा. वैनीक सांग, सात वर्सांचा एकदम वाढ म्हणान.”

यशोदेने परसाकडे पाहिले. “ती... रांधणत नाय.”

“कित्याक? बरी नाय काय?”

“तूच नाय खाल्लंस मां तिच्या हातचा! त्या चतुर्थीक!”

गुरुदासला समजायला वेळ लागला. आताशा त्याला सगळेच समजायला वेळ लागे. मग तो उठला, आणि ओटीचा खांब धरून उभा राहिला. “आये, माका वजन उतरवचा होता... दीड मण, सव्वा शेर! वैनीक म्हायत होता. तिका मी सांगलेलंय. तिका एकटीक!”

यशोदा मागल्या परसात गेली. नर्मदा झावळी विणत बसली होती, केस कानांपाशी पांढरे झालेले. सासूच्या हातात पळी होती. तिने ती सुनेच्या मांडीवर ठेवली आणि तिथेच मातीत बसली.

“माका शिव्या घाल गो. सात वर्सां मी तुका... माज्या घराची लक्ष्मी मी परसात बसवलंय! घाल शिव्या!”

“असा काय बोलतास, आये. उठा बघू. जमीन ओली आसा.”

गुरुदास दारात येऊन उभा होता. रडतानाही त्याचा एकच डोळा मिटत होता. “वैनी, एक शब्द कित्याक बोललंस नाय?”

“तूच म्हटलंस मां,” नर्मदा म्हणाली, “आयेक सांगू नको म्हणान.”

त्या दुपारी ती चुलीपुढे बसली. बाजारातून ताजे बांगडे आणले होते. पाट्यावर खोबरे वाटताना तिच्या डोळ्यांतले पाणी थांबत नव्हते, आणि यशोदा दर घटकेला आत डोकावून “काय व्हया गो तुका? काय देव?” असे विचारत होती. सार उकळले, भात झाला. यशोदा लेकाच्या शेजारी, पाट्यालगत जेवायला बसली, आणि नर्मदेने दोघांना वाढले.

गुरुदासने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. “व्वा, वैनी! तिरफळाचो काय वास सुटलो हा! मुंबयत ह्यो वास माका सपनात येय.”

नर्मदेचा हात भाताच्या भांड्यात तसाच थांबला. तिरफळे! बांगड्याच्या सारात शेवटी घालायची, ज्यांच्यावाचून त्या साराला सार म्हणत नाहीत, ती उग्र वासाची, ठेचलेली आठ-दहा तिरफळे पाट्याच्या कडेला तशीच पडलेली होती. डोळे पुसण्याच्या नादात ती घालायची राहून गेली होती... मग याला वास कसला आला? तिने त्याच्या चेपलेल्या नाकाकडे पाहिले. वास त्याला येतच नव्हता. कधीपासून कोण जाणे! तो तिला बरे वाटावे म्हणून बोलत होता, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तेवढ्यात यशोदेने घास तोंडात घातला. पन्नास वर्षे हे सार खाल्लेली जीभ होती ती. ती चावता चावता थांबली. तिची नजर पाट्याच्या कडेवर गेली, मग लेकाच्या चेहऱ्यावर, मग सुनेच्या. सुनेची एकही चूक या बाईने कधी बोलल्यावाचून सोडली नव्हती.

“होय रे, झिला,” यशोदा म्हणाली. “आज तिरफळां बरी लागली हत. माज्या हातान अशी कधी पडली नायत... वाढ गो तेका आणखी, नर्मदा.”

नर्मदा वाढायला वाकली. गुरुदास खाली मान घालून भराभर जेवत होता, आणि यशोदेने डाव्या हाताने ती तिरफळे पाट्यावरून गोळा करून हळूच आपल्या ओच्यात घेतली.