एकसष्ट हजार तीनशे सात

कुदळवाडीच्या भंगार बाजारात जायचं तर जाड तळाचे बूट घाल, असं अवधूतनं मधुवंतीला आधीच बजावलं होतं. रविवारची सकाळ होती. पत्र्याच्या कडा चुकवत आणि ऑइलची काळी डबकी ओलांडत दोघं बहीणभाऊ एका करड्या रंगाच्या छोट्या गाडीपाशी पोहोचले. इंजिन चालू केलं की गाडी उचकी लागल्यासारखी झटके द्यायची. डॅशबोर्डवरचे निम्मे दिवे मेलेले होते.

"एक कॉइल गेलीय आणि वायरिंग उंदरानं खाल्लंय," अवधूत तिच्या कानाशी म्हणाला. "बाकी गाडी सोनं आहे. पण तू तोंड पाडूनच उभी राहा."

दिवाळीनंतर चाकणच्या कंपनीनं अवधूतचं कंत्राट पुढं वाढवलं नव्हतं. सहा वर्षं लाइनवर दुसऱ्यांच्या गाड्या जोडल्या, आता स्वतःचं काही करतो, असं म्हणून त्यानं कासारवाडीत रेल्वेलाइनच्या मागे पत्र्याची शेड भाड्यानं घेतली होती. बिघडलेली गाडी स्वस्तात घ्यायची, नीट करायची, विकायची. ही त्याची पहिली गाडी. ही विकली गेली तर दुसरी, नाही तर परत कंत्राटदाराच्या दारात उभं राहायचं. हे त्यानं बोलून दाखवलं नव्हतं, पण मधुवंतीला ते माहीत होतं.

ती एम.एस्सी. झालेली, भोसरीच्या एका कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत कामाला. कारखान्यांतली मोजमापाची साधनं तिच्याकडे यायची. ती प्रमाणित मापाशी ताडून बघायची आणि कोणतं साधन किती चुकतंय ते लिहून खाली सही करायची. रंगाच्या थराची जाडी मोजणारं छोटं यंत्र तिनं त्या दिवशी सोबत आणलं होतं. बॉनेटवर एकशे बारा मायक्रॉन. उजवी दारं एकशे आठ, एकशे दहा. पुढचं डावं दार चारशे दहा.

"हे दार ठोकून परत रंगवलंय," ती म्हणाली.

"चाकणच्या रस्त्यावर फिरलेली गाडी हाय, ताई," दलाल कोंडाजी म्हणाला. "तिथं माणसं ठोकून निघत्यात, दाराचं काय घेऊन बसला."

अवधूत हसला. मधुवंतीनं आकडे वहीत टिपले. डावी सीट उजवीपेक्षा जरा नव्या कापडाची होती, तेही टिपलं. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजून तीन पूर्णांक दोन मिलिमीटर उरले होते. तेही टिपलं.

दोन आठवड्यांत गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली. आता अडत होता फक्त मीटरचा आकडा. एक लाख अडतीस हजार चारशे बारा.

"आकडा बघूनच गिऱ्हाईक तोंड फिरवतं," अवधूत म्हणाला. "सगळेच खाली आणतात गं."

"माझ्या पोटापाण्याचं कामच उलटं आहे, अवधूत."

"मी गाडी चांगली केलीय की नाही? काय फसवणूक आहे त्यात?"

नको म्हणायचं सोडून ती त्याच्याबरोबर निघाली, आणि तिथंच ती चुकली. नाशिक फाट्याजवळ सीट कव्हरच्या दुकानात भिमाजी नावाचा माणूस लॅपटॉप घेऊन बसायचा. त्यानं वायर जोडली आणि विचारलं, "किती ठिवू?"

अवधूत म्हणाला, "पन्नास हजार."

"पन्नासला पॅडलचं रबर एवढं झिजत नाही," मधुवंती बोलून गेली. टायर, रबर, गियरचा दांडा यांवरून तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला. "आणि गोल आकडा नको. एकसष्ट हजार तीनशे सात."

"ताईंना धंद्याची अक्कल हाय," भिमाजी म्हणाला आणि त्यानं आकडा टाकला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गाडीचं दार उघडताच तिला लवंगेचा वास आला. अवधूत लवंग खात नव्हता. डावी सीट अगदी मागं सरकवलेली होती, एखाद्या उंच माणसाला पाय पसरता यावेत इतकी. तिनं ती पुढं घेतली. संध्याकाळी सीट पुन्हा मागं.

"खाच सुटली असेल," अवधूत म्हणाला आणि खाली वाकून त्यानं खाच तपासली. खाच घट्ट होती. तो देहूरोडपर्यंत चक्कर मारून आला तेव्हा मात्र खुशीत होता. "ब्रेक बघ काय लागतायत. नवीकोरी वाटते."

"पॅड बदललेस?"

"कुठं? उद्या बदलणार होतो."

तिनं चाक काढायला लावलं आणि पॅड मोजले. आठ पूर्णांक एक मिलिमीटर. तिनं व्हर्नियरचा शून्य तपासला, प्रयोगशाळेतून आणलेल्या प्रमाणित ठोकळ्यावर लावून बघितला, परत मोजलं. आठ पूर्णांक एक. पॅडच्या पाठीवर जुना गंज तसाच होता, आणि कडेला अवधूतनंच पहिल्या दिवशी ओढलेली खडूची रेघ.

झिजलेली वस्तू जाड होत नाही. हे वाक्य तिच्या डोक्यात रात्रभर फिरत राहिलं.

बुधवारी संध्याकाळी ती यंत्र घेऊन पुढच्या डाव्या दाराशी बसली. वरून खाली, पाच ठिकाणी. एकशे आठ. एकशे नऊ. एकशे सात. एकशे आठ. एकशे आठ. कारखान्यातून निघताना असतो तेवढा रंग. त्या दारावर कधी हातोडा पडलाच नव्हता. डाव्या सीटचं कापडही आता उजवीइतकंच जुनं होतं.

तिनं यंत्र खाली ठेवलं. दार दुरुस्त झालेलं नव्हतं, कारण या आकड्याला ते अजून मोडलेलंच नव्हतं.

"अवधूत, ही गाडी काही दिवस हलवू नकोस."

"उद्या ज्योतीराम येतायत बघायला. लातूरचे आहेत, चाकणला नोकरी, तिथपर्यंत चालवून बघणार. सरळ माणूस, घासाघीस करत नाही. असं गिऱ्हाईक घालवू?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो हळू म्हणाला, "ताई, मलापण वास येतो. पण विकली की सुटलो ना?"

गुरुवारी तिनं जेवणाच्या सुट्टीत गाडीच्या जुन्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. घेण्यापूर्वी हे करायचं राहून गेलं होतं, किंवा खरं तर टाळलं होतं. पलीकडे विजयश्री नावाची मुलगी होती. नंबर ऐकून तिनं नोंदी काढल्या.

"एकसष्ट हजारांच्या आसपास काही आहे का?"

"हो मॅडम, मोठं काम आहे. पुढचं डावं दार, समोरची काच, डावी सीट पूर्ण. सीटबेल्ट कापून काढलेला." तिचा आवाज खाली आला. "जॉबकार्डचा फोटो पाठवू का? मला तोंडी नाही सांगायचं."

"मीटरचा आकडा तेवढा सांगा."

"एकसष्ट हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी."

सकाळी अवधूतनं जाहिरातीसाठी काढलेला मीटरचा फोटो तिच्या मोबाइलवर होता. एकसष्ट हजार तीनशे बावन्न, म्हणजे उरले छत्तीस. कासारवाडीपासून चाकण बावीस किलोमीटर, जाऊन-येऊन चव्वेचाळीस. आणि चालवायला गिऱ्हाईक बसणार, म्हणजे अवधूत डावीकडे.

अवधूतला लावलेल्या फोनची दोनदा रिंग वाजून गेली. तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

"मीटर किती झालंय?"

"काय?"

"आकडा वाच."

"एकसष्ट तीनशे... शहाऐंशी. चाकणच्या पुढं तळेगाव रोडला आलोय. का गं?"

"गाडी थांबव. आत्ताच्या आत्ता, कडेला घ्यायला सांग."

"गिऱ्हाईक बसलंय, ताई."

"मी तुझ्या पाया पडते, अवधूत."

असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती. "भाऊ, जरा कडेला घ्या," हे अवधूतचे शब्द तिला ऐकू आले, मग ज्योतीरामचा आवाज. "काय झालं ओ? ऑइल गळायलंय का?"

"नाही, बहिणीचा फोन आहे."

"मग थांबावंच लागतंय. मी रस पिऊन येतो तोवर."

दार उघडलं, बंद झालं. इंजिन थांबलं.

"थांबलो. आता बोल."

"तिथंच थांब. गाडी एक इंचही पुढं नेऊ नकोस. मी क्रेन घेऊन येते."

"बरं बाई. इथंच बसतो."

तिनं फोन ठेवला आणि भिंतीला टेकली. दोन किलोमीटर उरले होते. ते आता कुणी चालवणार नव्हतं. तिनं क्रेनवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

मोबाइल वाजला. विजयश्रीनं जॉबकार्डचा फोटो पाठवला होता. हातानं लिहिलेलं, ऑइल लागलेल्या बोटांचे डाग पडलेलं. मधुवंतीनं तो मोठा केला. सुट्या भागांची यादी. आकडा. आणि अगदी खाली, गाडी आणणाऱ्यानं लिहिलेल्या दोन ओळी.

'गाडी रस्त्याकडेला उभी असताना अपघात, डाव्या सीटवरचा माणूस दगावला. तिथून दोरीने ओढून आणली, अंतर २ कि.मी.'

तिनं त्या ओळी दोनदा वाचल्या.

दोरीनं ओढताना स्टिअरिंग वळावं म्हणून चावी चालू ठेवतात, आणि चाकं फिरतात. चाकं फिरली की मीटर पुढं जातं. अठ्ठ्याऐंशी हा आकडा सर्व्हिस सेंटरच्या दारातला होता. नोंद कुठं आणि कधी घेतली हे आधी विचारायचं, असं ती नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवायची.

अठ्ठ्याऐंशीतून दोन वजा, शहाऐंशी.

तिनं फोन लावला. लगेच उचलला गेला.

"गाडीतून उतर."

"आता काय झालं?"

"उतर, अवधूत. लांब जा."

कडी ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला.

"दार उघडत नाहीये."

"उजवीकडून उतर."

त्याचा श्वास जवळून ऐकू येत होता.

"काय झालं? कुणी धडकलं का?"

"नाही गं. रस्ता मोकळा आहे. ज्योतीरामभाऊ तिकडं रस पितायत, मला दिसतायत." लहानपणी ताप चढला की त्याचा आवाज असा व्हायचा. "पाय हलत नाहीयेत माझे."

"अवधूत."

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "समोरची काच तर धड आहे. मग माझ्या मांडीवर हे काचेचे तुकडे कुठून आले?"