मावशी पडली, त्या धुक्यात

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं ऑक्टोबरातलं धुकं म्हणजे नुसता छळ. त्या दिवशी प्रचाराची पत्रकं सांभाळत मी एका घराचं दार ठोठावलं, तर माझ्या हाताशेजारी दुसराच एक हात दारावर वाजला. मी किंचाळलेच!

"अगं, हळू! भूत नाही मी... सिनेटरसाहेबांचा कार्यकर्ता. ॲन्सेल."

"म्हणजे भुताहून वाईट! मी ओडेट. तुझ्या साहेबांना पाडायला निघालेल्या मार्सेला मावशीची भाची."

तो हसला — आणि आतून कुणीतरी ठोठावलं. सावकाश, आमच्यासारखंच.

"कोण आहे?" ॲन्सेलने विचारलं. पुन्हा टकटक... आता दाराच्या अगदी तळाशी, जमिनीलगत. आम्ही जे पळालो ते फाटकाबाहेर! रस्त्यावर एक कोळी शेवंडांचे पिंजरे रचत होता.

"तिथे कोण असणार? मिसेस क्विंबी वसंतातच वारल्या. जन्मभर सिनेटरलाच मत द्यायच्या बिचाऱ्या."

"बघ, आमचे मतदार किती निष्ठावान," ॲन्सेल म्हणाला. पण पळताना धरलेला माझा हात त्याने सोडला नव्हता, आणि मीही सोडवून घेतला नाही.

मग आम्ही जोडीनेच दारं ठोठावू लागलो. तो त्याचं सांगे, मी माझं. एकदा मी बोलून गेले, "मावशी जिंकली तर तिच्या इथल्या कार्यालयात काम करीन. हरली तर शिकागोची नोकरी... निकालाच्या दुसऱ्याच दिवशीची बस." त्यानंतर दिवसभर त्याने साहेबांचं नाव काढलं नाही.

मावशी सपाटून हरली. रीतीप्रमाणे तिने सिनेटरना फोन करून अभिनंदन केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली.

सकाळी हरलेल्यांचं शेवटचं काम उरतं — अंगणाअंगणातल्या प्रचाराच्या पाट्या उपटायचं. धुक्यातून मावशीचे हसरे चेहरे एकामागून एक वर येत होते, बघवत नव्हते. पुढच्या गल्लीत मात्र एकही पाटी नव्हती. नुसते खड्डे, आणि ओल्या गवतात कुणाची तरी पावलं. मी त्या पावलांमागे गेले. पावलं संपली तिथे ॲन्सेल उभा होता. कवेत पाट्या, गुडघ्यापर्यंत चिखल.

"अरे, तुम्ही जिंकलात ना? साहेब हाकलतील तुला!"

"मीच सोडलं काम. ओडेट... मत देताना माझा हात मावशींच्या नावावर गेला. आमचेच साहेब पडू देत म्हणून देवाला विनवलं मी."

"मग?"

"ऐकतो कुठे तो माझं!"

"मग मला विनवून बघ की..."

त्याने पाट्या खाली टाकल्या. "जाऊ नकोस. मला तू हवी आहेस."

शिकागोची बस खालच्या रस्त्याने गेली, ती आम्ही नुसती ऐकली. धुक्यात दिसली नाही.