अस्तरातले टाके

"अक्का, कार्ड नाहीये!"

भावजयीचा आवाज ऐकून अक्काने घराखालच्या आपल्या शिवणाच्या दुकानाचं शटर अर्ध्यावरच सोडलं. लोकांच्या पँटी आज थोड्या उशिरा तोकड्या झाल्या तर कुणी मरणार नव्हतं.

आज भावजयीची नागरिकत्वाची मुलाखत. कायम रहिवासाचं कार्ड दाखवलं नाही तर दारातूनच परत, आणि नवी तारीख मिळायला वर्ष. नागरिक झाल्याशिवाय तिच्या आजारी, एकट्या आईला मायदेशातून इकडे आणता येत नव्हतं. आईकडे वर्ष होतंच कुठे?

कार्ड असायचं कोटाच्या अस्तरात. तो चोरकप्पा अक्कानेच, कार्ड आत घालून, शिवून बंद केलेला. रोज निघताना भावजय वरून चाचपून बघायची. आज उसवलं, तर आत कुठल्याशा दुकानाचं सवलतीचं कार्ड!

अर्धी शिवण अजून जागेवर होती. अक्काने एक टाका कापून दोरा ओढला. एवढासा तुकडा हातात आला. बाकीचे टाके हलले नाहीत.

"ही माझी शिवण नाही."

"भाडेकरूचंच काम," भाऊ बूट चढवत म्हणाला. तो जनावरांचा डॉक्टर, दवाखान्यात निघालेला. "परका माणूस घरात नको, म्हणत होतो मी."

रात्रभर टॅक्सी चालवून झोपलेला भाडेकरू डोळे चोळत आला.

"कोटाला हात लावलास?"

"मी कशाला लावू, अक्का?"

"सुईदोरा येतो?"

"बटण तुटलं की पिन लावतो." शर्टाला दोन पिना होत्या.

अक्का भावाकडे वळली. "आणि तू?"

"शिवणकाम? मला? त्याला पोलिसात द्या आधी!"

"सासूबाई येणार म्हणून खूश आहेस ना?"

"त्याचा काय संबंध? आणि येऊन राहणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

अक्काने कोट टेबलावर आपटला.

"मेल्या, लाज कशी वाटत नाही? मी शिवते तेव्हा दोरा सलग जातो. इथे प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ आहे. एक तुटला तरी बाकीचे धरून राहावेत म्हणून! असं कापड नाही शिवत कुणी, जखम शिवतात. या घरात जखमा कोण शिवतं?"

भावाने बुटाची नाडी घट्ट ओढली.

"आणि ते दुसरं कार्ड! हिचा हात रोज तिथे जातो, हे चोराला ठाऊक होतं. ही निघते तेव्हा हा बिचारा घोरत असतो. दारात बूट घालत कोण उभं असतं? काढ कार्ड!"

दवाखान्याच्या बॅगेतून, हातमोज्यांच्या खालून, कार्ड निघालं.

"देणारच होतो गं. नंतर..."

"नंतर म्हणजे? माझी आई गेल्यावर?" भावजयीने कार्ड हिसकावलं.

"एवढं काय त्यात? चल, मी सोडतो तुला गाडीने."

तिने उसवलेला कोट तसाच अंगावर चढवला. "दादा, टॅक्सी काढता?" ती भाडेकरूला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आई येणार. पण इथे नाही. मी घर घेईन, आणि त्याची किल्ली तुझ्याकडे नसेल."

दार धाडकन लागलं.

"अक्का, तू तरी समजाव ना तिला!"

"समजावते," अक्का चपला घालत म्हणाली. "कुलूप चांगलं घे म्हणून सांगते."