उजव्या खोक्यातला आवाज

दुष्काळाचं वर्ष होतं. जनावरं छावणीत गेली, दूध सोसायटी बंद पडली आणि तिचे सचिव गुरुसिद्धप्पा यांच्या हाताला काही काम उरलं नाही. मग त्यांनी मनात राहून गेलेलं स्टिरिओचं काम काढलं. ॲम्प्लिफायर आला, सुताराकडून स्पीकरची दोन खोकी झाली. राहिला प्रीॲम्प्लिफायर. त्याच्याशिवाय टेपवरचा बारीक आवाज वर येत नव्हता, आणि त्यांना ऐकायची होती ती एकच टेप. बायकोची, सिद्धम्माची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

लोहारा गावातल्या रेडिओ दुकानात दुकानदार धुळाप्पानं दोन डबे पुढं ठेवले. "ह्यो नवा, ट्रान्झिस्टरचा. ह्यो जुना, व्हॉल्व्हचा. दोन्ही न्या अप्पा. वहिनींचा आवाज ज्यात बरा लागंल, त्यो ठेवा."

घरी येऊन त्यांनी आधी नवा जोडला. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. सिद्धम्माचं कानडी पद दोन्ही खोक्यांतून स्वच्छ आलं. पण कोरडं, कुणी कागदावरून वाचावं तसं.

मग जुना जोडला. व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या हळूहळू लाल झाल्या, तापलेल्या धुळीचा वास सुटला. आणि सिद्धम्मा गायला लागली ती श्वासासकट, बांगड्यांसकट. अप्पांचे डोळे भरून आले. हाच ठेवायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, गाणं फक्त डाव्या खोक्यातून येतंय. टेप तर मोनो होती. दोन्हीकडं एकच आवाज यायला हवा. वायर निसटली असेल म्हणून ते वाकले, उजव्या खोक्याला कान लावला.

आत कुणीतरी खाकरलं. मग एक अनोळखी बाई हळूच कानडीत म्हणाली, "ऐकतायत का गं ते?"

गाणं थांबलं. डावीकडून सिद्धम्मा म्हणाली, "ऐकतायत की... आता बोलतील."

टेप करताना खोलीत ती आणि अप्पा, दोघंच होते. दाराला कडी त्यांनी स्वतः लावली होती.

दोन्ही खोकी गप्प झाली. टेप फिरत होती. नुसती बारीक घरघर... कुणी श्वास धरून वाट बघावी तशी. अप्पांच्या ओठांवर 'हं' आलं होतं. तीन वर्षं ज्या आवाजाला ओ द्यायला जीव आसुसला होता, तो समोर होता. पण ती दुसरी बाई कोण?

त्यांनी तोंडावर हात दाबला आणि बटण बंद केलं. व्हॉल्व्ह विझायला वेळ लागला. तेवढ्यात उजवीकडं कुणीतरी निराश होऊन सुस्कारा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी जुना डबा धुळाप्पाच्या टेबलावर ठेवला.

"आवडला न्हाय व्हय अप्पा?"

"लई आवडला. म्हणूनच परत आणला."

धुळाप्पा हसला. डबा चालतोय का बघायला त्यानं तो दुकानातल्या स्पीकरला जोडला. टेप नाही, तबकडी नाही. अप्पा पायरी उतरून गावाकडं जाणाऱ्या जीपकडं निघाले. दहा पावलं गेले असतील, तोच मागून धुळाप्पाचा आवाज आला. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा, अदबीचा.

"व्हय बाई, आत्ताच गेले... हायेत, समोरच हायेत. हाक मारू का?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. अप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. पण धुळाप्पानं हाक मारली तेव्हा ती 'अप्पा' अशी नव्हती. सिद्धम्मा एकांतात ज्या नावानं बोलवायची, त्या नावानं होती.